सोलापूरच्या लेकरांचा पहिला बर्फाळ हिवाळा: निघण्याआधी आणि पोचल्यावर

सोलापुरात डिसेंबरच्या पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास आला की कानटोप्या निघतात, खिडक्या बंद होतात आणि आंघोळ झालेल्या लेकराला कोवळ्या उन्हात बसवलं जातं. हीच रीत टोरांटो, एडमंटन, म्युनिक किंवा स्टॉकहोमला नेली तर ती पहिल्याच महिन्यात अपुरी पडते. तिकडे बाहेर पडल्यावर त्रास देतो तो अंगाजवळचा ओलावा, आणि घरात त्रास देतो तो कोरडेपणा. बाहेर लेकरू कोरडं ठेवायचं आणि घरात त्याच्या कातडीला, नाकाला ओल द्यायची. पुढचं जवळजवळ सगळं या एका गोष्टीतून निघतं.

दोन महिने आधी, सोलापुरातच

पहिलं काम लसींच्या कागदाचं. सरकारी दवाखान्यातलं माता-बाल कार्ड मराठीत असतं आणि त्यावरचे शिक्के पुसट झालेले असतात. बालरोगतज्ज्ञांकडून त्यांच्या लेटरहेडवर इंग्रजीत यादी करून घ्या: लसीचं नाव, डोस कितवा, तारीख. जर्मनीत मार्च २०२० पासून पाळणाघर आणि शाळेसाठी गोवर प्रतिबंधाचा पुरावा सक्तीचा आहे; दोन वर्षांपुढच्या मुलाचे दोन डोस दिसले पाहिजेत. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात २०१० किंवा त्यानंतर जन्मलेल्या शाळकरी मुलांकडून कांजण्यांच्या लसीचीही नोंद मागतात. आपल्या सरकारी वेळापत्रकात ती लस नाही, त्यामुळे खासगीत घेतली असेल तर तिची तारीख यादीत आलीच पाहिजे.

दुसरं काम खरेदीचं, म्हणजे खरं तर खरेदी न करण्याचं. नवी पेठेत फिरून जाड जॅकेटं आणि बूट घेऊ नका. आपल्याकडची जॅकेटं महाबळेश्वरच्या थंडीच्या हिशोबाने शिवलेली असतात. उणे १५ अंशांच्या वाऱ्यात ती तग धरत नाहीत आणि बॅगेत जागा मात्र भरपूर खातात. दुकानात थर्मल म्हणून मिळणारे आतले कपडे बहुतेक वेळा सुती किंवा सुतमिश्रित असतात. लेबल वाचा. घरात घालायला ते चांगले, बर्फात खेळायला नाहीत.

न्यावं असं मोजकंच. आजीने विणलेले स्वेटर, लोकरीचे असोत की ॲक्रिलिकचे, मधल्या थरासाठी छान चालतात. सोलापुरी चादर माणशी एक. ती सुती आहे, बर्फाचं काम तिचं नव्हे, पण तिचा एक फार चांगला उपयोग आहे. तो गाडीच्या भागात येईल. टर्किश टॉवेल न्या, कारण ओले केस घेऊन बाहेर जाता येत नाही आणि चांगला टॉवेल लागतोच.

खाऊ नेताना देश बघा. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे, खवा आणि साजूक तूप घरीच ठेवा. शेंगा चटणी आणि कडक भाकरी नेता येते, मात्र विमानतळावरच्या अर्जात खाद्यपदार्थ विचारले असतील तर नोंद करा.

प्रवासाचा दिवस

सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई, तिथून विमान, मध्ये एखादा बदल: दीड दिवस सहज जातो. लेकराचे गरम कपडे चेक-इन बॅगेत टाकणं ही सगळ्यात नेहमीची चूक. बॅग एखाद्या दिवसाने मागून आली तर लेकरू उणे तापमानात सुती शर्टावर उभं. प्रत्येक मुलामागे हातातल्या पिशवीत हे ठेवा: फ्लीसचा (मऊ, लवदार पॉलिएस्टर कापडाचा) किंवा लोकरी स्वेटर, कान झाकणारी टोपी, हातमोजे, लोकरी मोजे आणि पँटच्या आत घालायची विजार. विमानतळ ते टॅक्सी एवढ्या अंतराला हे पुरतं. खरं जॅकेट दुसऱ्या दिवशी घ्यायचं.

पहिल्या आठवड्यातली खरेदी: तीन थर

सुती कापड घाम पितं आणि ओलंच राहतं. ओलं कापड अंगातली ऊब कोरड्या कापडापेक्षा कितीतरी वेगाने खेचून घेतं. लेकरू बर्फात वीस मिनिटं धावलं, घामाघूम झालं आणि मग बसलं, की नेमकी तेव्हा थंडी भरते. म्हणून थर असे:

१. अंगालगतचा थर: मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर, अंगाला चिकटून बसणारा. सुती नको.

२. मधला थर: फ्लीस किंवा स्वेटर. याचं काम हवा अडकवून ठेवण्याचं, म्हणून घट्ट नको.

३. बाहेरचा थर: पाणी आणि वारा दोन्ही अडवणारं जॅकेट आणि तशीच स्नोपँट. लहान मुलांना अंगभर एकच स्नोसूट सोयीचा. सू-शी स्वतः करणाऱ्यांना दोन भाग वेगळे हवेत.

शून्याच्या थोडं वर असेल तर पहिला आणि तिसरा थर पुरतो. उणे पाचच्या खाली तिन्ही. उणे पंधराच्या खाली मधला थर दुहेरी आणि गळपट्टा नाकापर्यंत. कडेवरच्या किंवा प्रॅममधल्या बाळाला मोठ्यांपेक्षा एक थर जास्त, कारण ते हलत नाही. बाळाला थंडी वाजते का हे हातपाय चाचपून कळत नाही, ते गारच असतात. मानेमागे किंवा छातीवर बोटं ठेवा: कोमट आणि कोरडं हवं. घाम लागला तर एक थर कमी करा.

बूट: आतलं अस्तर बाहेर काढून वाळवता येतं असेच घ्या. बोटांपुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. इथे आईबाप हमखास दोन जाड मोजे चढवतात. बूट मग दाटतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. एकच लोकरी मोजा, बूट सैल.

हातमोजे पाच बोटांचे न घेता मिटन घ्या. चार बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. मनगटाच्या वर येणारे, पाणी न शिरणारे, आणि प्रत्येक मुलाचे किमान दोन जोड. एक जोड दुपारपर्यंत ओला होतो आणि तिसरा आठवडा संपायच्या आत एक मिटन हरवतो, हे गृहीत धरा.

लांब मफलर नको. घसरगुंडीला किंवा झुल्याला अडकला तर गळा आवळतो. त्याऐवजी डोक्यातून घालायचा गळपट्टा. टोपीच्या नाड्याही काढून टाका.

सगळं नवं घ्यायची गरज नाही. लेकरू एका हिवाळ्यात वाढतं, त्यामुळे वापरलेल्या कपड्यांच्या दुकानांत जवळजवळ कोरी जॅकेटं मिळतात. जॅकेट एक माप मोठं चालेल. बूट वापरलेले घेताना तळव्याच्या खाचा झिजल्यात का बघा. झिजलेला तळवा बर्फावर घसरतो.

बाहेर पडायचा क्रम

हा क्रम चुकला की पंधरा मिनिटांची मेहनत वाया जाते.

आधी बाथरूम. कपडे चढवल्यावर "आई, शू" हे ऐकू यायचंच. मग अंगालगतचा थर, मोजे, स्वेटर. गालांना, ओठांना आणि नाकाच्या शेंड्याला व्हॅसलिन. नंतर स्नोपँट, मग बूट. स्नोपँटच्या आतली लवचिक पट्टी बुटावरून ओढून घ्या, नाहीतर बर्फ वरून आत जातो. गळपट्टा, टोपी, जॅकेट. शेवटी मिटन, आणि त्यांची लांब मनगटं जॅकेटच्या बाहीखाली की वर हे मिटनच्या शिवणीवरून ठरतं. मनगटाची कातडी कुठेच उघडी दिसायला नको, एवढं बघा. स्वतः आधी तयार व्हा. मुलांना आधी चढवून मग आपले बूट शोधत बसलात तर ती गरम घरात घामाने भिजतात, आणि तो घाम बाहेर गेल्यावर छळतो.

पाळणाघर आणि शाळेत मुलांना रोज बाहेर नेतात, थंडी आहे म्हणून सुट्टी देत नाहीत. प्रत्येक वस्तूवर, मिटनवरसुद्धा, नाव घाला. जादा मोजे, मिटन आणि एक पूर्ण कपड्यांचा जोड शाळेत कायम ठेवा.

किती थंडीत बाहेर, किती वेळ

हवामानात दोन आकडे असतात: तापमान आणि वाऱ्यासकट जाणवणारी थंडी. दुसरा आकडा पाहा. कॅनडातले बालरोगतज्ज्ञ तापमान किंवा वाऱ्यासकटची थंडी उणे २७ किंवा त्याखाली असेल तर मुलांना घरात खेळवायला सांगतात. त्या सुमाराला उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. त्याहून कमी थंडीत जाऊ द्या, फक्त मधूनमधून आत आणून बोटं, कान, नाक तपासा.

हिमदंशाची खूण: कातडी पांढरट किंवा राखाडी, कडक, आणि लेकराला तिथे काही जाणवत नाही. आत आणा, ओले कपडे काढा, तो भाग कोमट पाण्यात ठेवा, ३७ ते ४० अंश. चोळू नका. हीटरपाशी, गॅसवर किंवा ड्रायरने शेकू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. रंग परत येत नसेल तर डॉक्टर. लेकरू थरथरून मग एकदम सुस्त झालं, बोबडं बोलू लागलं, तर थेट आपत्कालीन सेवा.

काही गोष्टी इकडून जाणाऱ्यांच्या डोक्यातच येत नाहीत. जीभ लोखंडी खांबाला चिकटते. ओढू नका, कोमट पाणी सोडा. रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात बोगदा करून खेळणं जिवावरचं आहे, बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या चालकाला आतलं मूल दिसत नाही. गोठलेल्या तळ्यावर स्थानिक प्रशासनाने परवानगी दिल्याशिवाय पाऊल नको. काचेसारख्या बर्फावर छोटी पावलं टाकत, हात खिशाबाहेर ठेवून चाला. प्रॅमचं तोंड चादरीने पूर्ण झाकू नका, हवा कोंडते.

गाडी: सोलापुरी चादरीचं खरं काम

फुगीर जॅकेटवरून सीटचे पट्टे लावले की पट्टे घट्ट वाटतात. धक्का बसला की जॅकेटमधली हवा दबते, पट्टा सैल पडतो आणि लेकरू निसटू शकतं. म्हणून मुलाला स्वेटरवर बसवा, पट्टे घट्ट करा, खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरता येत नाही ना ते बघा. मग वरून चादर. जड विणीची, दुहेरी केलेली सोलापुरी चादर छातीपासून पायापर्यंत मस्त बसते, गाडी तापली की मूल स्वतः ती बाजूला सारू शकतं. बाळाच्या तोंडावर ती येऊ देऊ नका.

गाडी बर्फात उभी असेल तर सुरू करण्याआधी मागचा धुराचा पाईप मोकळा करा. पाईप बुजला की कार्बन मोनॉक्साईड आत शिरतो, आणि आत गरम करायला बसवलेली मुलंच त्यात आधी सापडतात.

घर: ऊब, वाफ आणि शेगडी

दिवसा २० ते २१ अंश पुरेत. त्याहून वर नेलं की हवा आणखी कोरडी होते, नाकं सुकतात. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घ्या; ३० ते ५० टक्के ठीक. कमी असेल तर गार वाफेचं यंत्र लावा, त्यातलं पाणी रोज बदला आणि भांडं घासा, नाहीतर बुरशीच खोलीभर उडते. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळू लागलं तर आर्द्रता जास्त झाली. यंत्र बंद करा. घरात कपडे वाळत घालूनही हेच होतं आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. दिवसातून दोनदा पाच मिनिटं खिडक्या सताड उघडा. जर्मनीत हा नियमच मानतात. हवा बदलते, भिंती गार पडत नाहीत.

बाळंतिणीसाठी आणि बाळासाठी शेगडी, धुरी हा आपल्याकडचा जुना रिवाज. बंद घरात कोळशाची शेगडी अजिबात नको. सोलापूरच्या घरात फटी असतात, वारा खेळतो; तिकडची घरं हवाबंद असतात आणि कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. आजी मदतीला येणार असतील तर त्यांना हे निघण्याआधी फोनवर नीट समजावून सांगा, विमानतळावर नको. शेक द्यायचा तर गरम पाण्याची पिशवी, तीही आईला. गॅसचं ओव्हन उघडं ठेवून घर तापवणं तितकंच घातक. झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म हवाच. फोडणीने धुराचा अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणारे बरेच भेटतात. त्यापेक्षा पंखा लावा, कढई झाका.

सुट्टीत आठ दिवस बाहेर जाताना पैसे वाचवायला हीटर पूर्ण बंद करू नका. नळ गोठून फुटतात. १५ अंशांवर ठेवून जा. ओले मिटन विजेच्या हीटरवर टाकू नका, आग लागते. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून रात्रभर ठेवा.

बाळाची झोप

एक वर्षाखालच्या बाळाला पाठीवर, सपाट गादीवर, मोकळ्या पांघरुणाशिवाय झोपवा. गोधडी, उशी, टोपडं, काही नको. बाळ जादा ऊब डोक्यातूनच बाहेर टाकतं आणि अति ऊब हाही धोका आहे. खोली १६ ते २० अंश असेल तर २.५ टॉगची झोपेची पिशवी पुरते. टॉग म्हणजे कापडाच्या उबेचं माप; हा आकडा पिशवीच्या लेबलवर असतो.

स्वीडन, डेन्मार्कमध्ये दुपारच्या झोपेला बाळाची प्रॅम बाहेर ठेवलेली दिसेल. तुम्हाला तसं करायची सक्ती नाही, पण पाळणाघरात करतात हे आजीला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कातडी आणि घोळणा

सोलापुरात घोळणा फुटतो तो मे महिन्यात. तिकडे फुटतो जानेवारीत, हीटरच्या कोरड्या हवेने. लेकराला बसवून थोडं पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता दाबून धरा. मान मागे टाकू नका, रक्त घशात जातं. कांदा हुंगवायची गरज नाही. पुन्हापुन्हा फुटत असेल तर रात्री नाकपुडीच्या आत बोटाने व्हॅसलिनचा पातळ थर द्या.

आंघोळ कोमट पाण्याची, पाच-दहा मिनिटांची; लहान बाळाला रोज लागत नाही. डाळीच्या पिठाने घासणं बंद, साबण फक्त जिथे मळ तिथे. अंग टिपून लगेच, ओल असतानाच, वास नसलेलं मलम लावा. खोबरेल तेल २४-२५ अंशांखाली घट्ट होतं, म्हणून बाटली कोमट पाण्यात ठेवा. मालीश ते लावून करा, मोहरीचं तेल टाळा. त्याने नाजूक कातडी बिघडते.

औषधं: मापाची गफलत

पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला वर्षात आठ-दहा सर्द्या होणं नेहमीचं आहे. फ्लूची लस सहा महिन्यांपुढे देतात आणि लहान मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, तेव्हा ऑक्टोबरमध्येच सुरुवात करा. सर्दी-खोकल्याची तयार औषधं लहान मुलांना देत नाहीत. कॅनडा आणि ब्रिटनमध्ये ही मर्यादा सहा वर्षं आहे. नाकात सलाईनचे थेंब टाका. एक वर्षानंतर रात्री चमचाभर मध चालतो, त्याआधी मध अजिबात नाही. कापराची पोटली लहानग्यांच्या हाताशी ठेवू नका, कापूर पोटात गेला तर झटके येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॅरासिटामॉलचं सिरप आपल्याकडे ५ मिलीत १२० किंवा २५० मिलिग्रॅमचं असतं. अमेरिकेत ५ मिलीत १६०. कॅनडात तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांत १ मिलीतच ८० मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर १२० च्या बाटलीतून ६ मिलीच्या थोडं वर, कॅनडाच्या थेंबांतून २ मिलीपेक्षा कमी. चमच्याच्या सवयीने दिलं तर तिप्पट डोस जातो. बाटलीवरची ताकद वाचून, डॉक्टरांना मूल किती किलोचं ते सांगून, बाटलीसोबतच्या सिरिंजने द्या. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश ताप आला तर औषध देत बसू नका, लगेच दवाखाना.

ड जीवनसत्त्वाचंही तसंच. पहिल्या वर्षात रोज ४०० युनिट लागतात, आणि सावळ्या कातडीला उन्हातून ते बनवायला जास्त वेळ लागतो, त्यात हिवाळ्यात ऊन नाहीच. आपल्याकडे १ मिलीत ४०० युनिटचे ड्रॉप सर्रास. कॅनडात एका थेंबात ४०० युनिटवाले मिळतात. त्या बाटलीतून १ मिली दिलं तर घोटाळा.

डबा

शेंगा चटणी, शेंगा पोळी, कूट घातलेली भाजी आणि साबुदाण्याची खिचडी हे सगळं घरात खुशाल. शाळेच्या डब्यात आधी विचारून. कॅनडा, अमेरिकेतल्या पुष्कळ शाळा-पाळणाघरांत शेंगदाण्याला बंदी असते, कारण एखाद्या वर्गमित्राला त्याची जीवघेणी ॲलर्जी असते. तिळाचंही नाव ॲलर्जीच्या यादीत आहे, त्यामुळे गड्ड्याच्या (संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत वर्गात तिळगूळ वाटायची हौस असेल तर शिक्षकांना आधी कळवा. बोरन्हाण घरी जोरात करा, फक्त चार वर्षांखालच्यांपुढे अख्खे शेंगदाणे आणि गोल गोळ्या उधळू नका, घशात अडकतात.

शाळेत डबा गरम करून मिळेलच असं नाही. थर्मासच्या डब्यात उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, ओता, मग वाफाळती खिचडी किंवा वरणभात भरा. दुपारपर्यंत गरम राहतो.

अंधार

सोलापुरात सर्वात लहान दिवसही ११ तासांचा. टोरांटोत तो सुमारे ९ तासांचा, एडमंटनला साडेसात, स्टॉकहोमला सहा. शिवाय घड्याळं मागे होतात: युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, उत्तर अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या पहिल्या. मुलांची झोप आठवडाभर बिघडते; आधीच्या चार दिवसांत रोज पंधरा मिनिटं उशिरा झोपवा.

सकाळी ११ ते २ यात रोज बाहेर पडायचं, वीस मिनिटं का होईना. घरी एकटी राहणारी आई इथे सर्वात आधी कोमेजते, आणि त्याला मुलं कारण नसतात. सार्वजनिक वाचनालयांत लहानग्यांसाठी गोष्टींचे तास फुकट असतात. आठवड्याचे दोन दिवस ते, एक दिवस पोहण्याचा तलाव, असं पक्कं ठरवा. दोन आठवडे सतत रडू येत असेल, झोप उडाली असेल तर डॉक्टरांशी बोला. तिकडे हे नेहमीचं दुखणं मानतात आणि त्यावर उपचार असतात.

मार्चनंतर

फेब्रुवारी-मार्चमध्ये हिवाळी कपड्यांचे भाव उतरतात. पुढच्या वर्षीचं माप तेव्हाच घ्या, बूट सोडून. पाय किती वाढेल सांगता येत नाही. बर्फ वितळला की महिनाभर चिखल असतो, त्यासाठी रबरी बूट आणि पाणी न शिरणारी पँट लागते. जॅकेटं कपडे मऊ करणारं द्रव न घालता धुवा, त्याने पाणी अडवणारा थर बिघडतो. पूर्ण वाळवून, बुटांची अस्तरं वेगळी काढून पेटीत भरा, आणि पेटी हाताशी ठेवा: एप्रिलमध्ये एकदा तरी पुन्हा बर्फ पडतो.